चावीचं लॉक

कळव्याच्या खाडीत जाळं टाकून घर चालवायचे दिवस शेवंतीच्या डोळ्यांदेखत सरले. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं, जाळ्यात मासळीपेक्षा काळा गाळच जास्त यायला लागला. शेवटी शहाऐंशीच्या सुमारास तिच्या नवऱ्याने, गुणाजीने, होडी विकून एक जुना टेम्पो घेतला. भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि कल्याण, विठ्ठलवाडीच्या बाजारात पोचवायची, असा धंदा बसवला. गाडी गुणाजीची, धंदा शेवंतीचा. भाव पाडणं, बर्फ भरून घेणं, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं, सगळं तिच्याकडे. गुणाजी गाडी हाकायचा आणि मिळेल तिथे चहा प्यायचा.

टेम्पोचं चावीचं लॉक पहिल्यापासूनच दुखणाईत. चावी घातली की फिरायची नाही, फिरली की परत यायची नाही. मग ती जराशी बाहेर ओढायची, डावीकडे दाबायची, शिव्या घालायच्या, तेव्हा कुठे इंजिन घुरघुरायचं. एकदा रस्त्यातच ती अडकून बसली. मानपाड्याला गॅरेज असलेल्या दौलतने लॉकमागच्या वायरी उपसून खाली लोंबत्या केल्या. दोन वायरी एकत्र पिळायच्या, तिसरीचं टोक त्यांना टेकवायचं, की गाडी चालू. गुणाजीला ही युक्ती इतकी आवडली, की त्याने चावी खुंटीला टांगली ती टांगलीच.

शेवंतीला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. वायर टेकवली की ठिणगी उडायची, आणि ती गुणाजीच्या पायाशी, बर्फाच्या ओल्या गोणपाटाजवळ. नवं लॉक बसवून घ्या, असं ती आठवड्यातून एकदा तरी म्हणायची. तो कधी हसायचा, कधी ऐकलंच नाही असं करायचा. फारच लावून धरलं तर ठरलेलं उत्तर मिळायचं, "गारी चालते नं? मंग?"

गाडी चालत होती, हे खरंच होतं.

एका सकाळी विठ्ठलवाडीच्या बाजारामागे माल उतरवून झाला. रिकाम्या पाट्या एकात एक घालून शेवंतीने त्या टेम्पोच्या पुढ्यात, भिंतीशी रचल्या होत्या. त्या उचलायला ती वाकली. गुणाजी घाईने आत बसला, खाली हात घातला आणि वायर टेकवली. गाडी गिअरमध्येच उभी होती. तिने हिसका खाल्ला आणि ती हातभर पुढे आली. वरची पाटी भिंतीवर चेपली, आणि पाटी नि बंपर यांच्या मध्ये शेवंतीचा गुडघा सापडला. गुणाजीने ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, म्हणून निभावलं. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला.

गुणाजी उतरला, तोंड पांढरंफटक. पण तोंडातून निघालं ते असं, "तू मधी कशाला आलीस?"

गुडघ्यापेक्षा ते वाक्य शेवंतीला जास्त ठणकत होतं. घरी गेल्यावर तिने सांगून टाकलं, की लॉक बदलल्याशिवाय या टेम्पोत माझी एक पाटीसुद्धा चढणार नाही.

गुणाजी नाइलाजाने पुन्हा दौलतकडेच गेला. दौलतने हाताशी होतं ते लॉक घेतलं, डॅशबोर्डाखाली डोकं घातलं आणि पक्कड चालवली. बॅटरी जोडलेलीच. पक्कड एकाच वेळी वायरीला आणि पत्र्याला लागली. फट् आवाज झाला, रबर जळल्याचा वास आला आणि वायरींच्या जुडग्यातून धूर निघाला. दौलतने बादलीतलं पाणी ओतायला धाव घेतली, तशी शेवंती, जी लंगडत लंगडत सोबत आली होती, तिने त्याचा हात धरला आणि रस्त्यावरची वाळू टाकायला लावली. विझल्यावर दौलत म्हणाला, की तुमच्या गाडीतच खोट आहे. शेवंतीला इतका संताप आला, की तिला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप.

शेवटी टोचन लावून टेम्पो विठ्ठलवाडीला काळुरामकडे आणला. काळुराम वाहनांचं विजेचं काम करायचा आणि संथ म्हणून बाजारात बदनाम होता. सोमवार होता, मासळीला उठाव नव्हता, म्हणून शेवंती तिथेच स्टुलावर पाय पसरून बसली. लवकर आटपेल अशी तिची आशा होती.

काळुरामने आधी गाडी न्यूट्रलला आणली, चाकांखाली दगड लावले, मग बॅटरीची मायनस वायर काढून बाजूला बांधली. आता करंट कुठेही जाणार नाही, असं त्याने सांगितलं. जळालेल्या वायरी त्याने कापून टाकल्या. नव्या ओढताना प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिंधी बांधली: बॅटरीची, दिव्यांची आणि स्टार्टरची, तिन्हींना वेगवेगळ्या रंगाची. दौलतने दिलेलं लॉक त्याने हातात फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं. या गाडीचं नव्हतं ते. मग बरोबर लॉक आणायला गुणाजीला कल्याणला पिटाळलं. तो चुकीचं घेऊन आला, पुन्हा गेला, तेव्हा कुठे हवं ते मिळालं.

ऊन डोक्यावरून उतरलं. ज्या बाईने नीट काम व्हावं म्हणून वर्षभर डोकं फोडलं होतं, तीच आता या नीट कामाने वैतागून गेली. काळुराम प्रत्येक टोक खरवडत होता, दाबून बसवत होता, वरून नळी चढवत होता.

"दादा, जरा हात उचला," ती अखेर म्हणाली.

"वहिनी, घाईचं काम एकदा करून बघितलंत ना?" काळुराम मान वर न करता म्हणाला.

त्याचं खरं होतं, याचाच तिला राग आला.

संध्याकाळी बॅटरी जोडली. काळुरामने शेवंतीला पुढून उठवून बाजूला बसवलं आणि गुणाजीला गिअर तपासायला सांगितलं. न्यूट्रलच आहे, असं गुणाजी न बघताच म्हणाला. काळुरामने त्याचा हात धरून दांडा डावीउजवीकडे हलवून घेतला, क्लच दाबायला लावला, मग चावी फिरवू दिली. इंजिन लागलं. चावी सोडली तशी ती आपसूक मागे आली आणि स्टार्टर थांबला. मग बंद करून, चावी बाहेर काढून, सारं पुन्हा एकदा करून दाखवलं.

त्या लॉकने पुढे कधी दगा दिला नाही. पण पहिले काही दिवस गुणाजीचा हात सवयीने खाली जायचा, वायरी सापडायच्या नाहीत, आणि मग तो शेजारी बसलेल्या शेवंतीकडे असं बघायचा, की जणू तिनेच त्या चोरल्यात.

पुढे नाक्यावर दुसऱ्या कोणाचा टेम्पो असाच वायरी टेकवून चालू होताना दिसला, की गुणाजी पुढे व्हायचा आणि चारचौघांत बजावायचा, "आरं, लॉक बदल. मी तं पयलेच बदली केला. जिवापरीस काय हाय?"

शेवंती पाठमोरी बसून कोलंबी सोलत असायची. तिचा हात तेवढ्यापुरता थांबायचा. मग ती पुढची कोलंबी उचलायची आणि तिचं डोकं जरा जोरातच मोडायची.