मेलेल्या काकाचं विलायतेतलं लग्न

माझा बाप जहाजावर गेला तेव्हा मी आईच्या पोटात होते. तो बुडाला, असं आजोबांनी गावात सांगितलं. आई त्यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला एवढंच कळायला हवं होतं की तो बुडाला की आम्हाला सोडून गेला.

लग्नानंतर मी शारजाला आले, ती साठ सालानंतरची गोष्ट. आईला गावी कोणी नव्हतं, तिलाही आणलं. नवरा इंग्रजांच्या छावणीत स्वयंपाकी होता. तो माझा आतेभाऊच, त्यामुळे आईला मामी म्हणायचा. त्याच्या एका साहेबाला पूर्वज शोधायचा नाद होता. रजेवर विलायतेला गेला की लग्नांच्या जुन्या नोंदी आणि देश सोडून गेलेल्यांच्या जहाजी याद्या बघत बसायचा. नवऱ्याने त्याला माझ्या बापाचं नाव, आजोबांचं नाव आणि गाव लिहून दिलं. आईला सांगितलं नाही, उगाच तिला त्रास नको म्हणून. पहिल्या रजेत काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या रजेवरून साहेब परतला त्या दिवशी नवरा त्याने दिलेले दोन कागद घेऊन हसतच घरी आला. रोल्ल्याच्या मोठ्या वडाजवळ आमचं झावळ्यांचं घर होतं. आई दारात मासे साफ करत होती.

“मामी, ऐका! थोरल्या मामाने विलायतेत गोरीशी लग्न केलं. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. आता मला सांगा, तो कबरीतून उठून गेला काय?”

आईने सुरी खाली ठेवली. “दात काय काढतोस? तो तुझा धाकटा मामा. हिचा बाप.”

मग तिने सगळं सांगितलं. तेव्हा बोटीवर घेताना आधीच्या नोकरीचा दाखला बघत. थोरला काका एक सफर करून आला आणि पटकीने गेला. त्याचा दाखला घेऊन, त्याचंच नाव सांगून, बाप बोटीवर चढला. आमच्याकडे असं सर्रास चालायचं. पकडलं तर तुरुंग, म्हणून घरातही कोणी बोलत नसे.

“आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुम्ही मला विचारलंत कधी?”

दुसरा कागद जहाजाच्या यादीचा होता. बाप, ती बाई आणि दोन मुलं कॅनडाला गेली होती. म्हणजे तो बुडाला नव्हता. मी रडले नाही. मला राग आला, आणि तो आईचाच जास्त आला.

ती म्हणाली, “त्या पोरांना पत्र लिहा.”

“कशाला? ती आपली कोण लागतात?”

“ती मेलेल्या माणसाचं नाव लावतात. उद्या या साहेबासारखी शोधायला निघाली, तर आपल्या गावात त्यांना बापाची कबर मिळेल, त्यांच्या जन्माआधीची. मग स्वतःच्या आईला काय समजतील ती? त्या बाईने काय केलंय?”

यादीत पत्ता नव्हता, उतरायच्या बंदराचं नाव होतं. तेवढ्यावरच पत्र गेलं. उत्तर कधी आलं नाही. पत्रातलं इंग्रजी साहेबाचं होतं, मजकूर आईचा: तुमच्या बापाचं खरं नाव हे. त्याची पहिली बायको आणि मुलगी हयात आहेत. त्यांची काही तक्रार नाही.

शेवटचं वाक्य मी खोडायला लावलं. आईने साहेबाला ते परत लिहायला लावलं, फक्त ‘त्यांची’च्या जागी ‘बायकोची’ घालून.