पुढच्या मंडईचा खेळ

माझा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीत घरी आला की माझ्या खोलीतला मोठा स्क्रीन आणि शेजारी रचलेल्या गेमच्या डब्या पाहून हसतो. मागच्या खेपेला त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही हे खेळता तरी कधी? मला तर तुम्ही नुसती वाट पाहताना दिसता."

त्याचं खरं आहे. नवा गेम येणार अशी बातमी आली की मी रोज सकाळी चहाबरोबर त्याचीच चौकशी करत बसतो. कसा असेल, कुठे घडत असेल, पहिल्या दाराच्या पलीकडे काय असेल. मग तो येतो, मी दोन-चार दिवस खेळतो, आणि माझं मन त्यातून उठतं. वाट पाहणं तेवढं मला नीट येतं. ते मी एकटा शिकलो नाही, बहिणीबरोबर शिकलो.

आमचं गाव साकोलीपासून आत, जंगलाच्या अंगाला. तलावाखाली आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती. घरात माय, बाबा, मी आणि माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. बाई माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी होती, पण अंगानं माझ्याएवढीच. तिचे गुडघे दुखत, कोपरं दुखत, कधी हाताची बोटं सुजून येत. वात आहे असं सगळे म्हणायचे. माय तिला तेल चोळायची. पोरं धावायच्या खेळात रंगली की बाई कडुनिंबाखालच्या दगडावर बसून बघत राहायची, आणि कोण लबाडी करतो ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. धान कापून झालेलं असतं, पाहुणे येतात, दंडारीचं लोकनाट्य होतं, मिठाईची आणि बांगड्यांची दुकानं लागतात. ऐंशीनंतरच्या एका वर्षी आमच्या मंडईत एक नवीनच राहुटी लागली. मागे जनरेटर धडधडत होता आणि आत लाकडी खोक्यावर काळापांढरा टीव्ही. टीव्ही आम्ही आधी साकोलीत एका दुकानाच्या काचेतून पाहिला होता. पण या टीव्हीतली गोष्ट आपल्या हातानं हलत होती. दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, मध्ये एक ठिपका. हातातल्या डबीवरची गोल चकती फिरवली की रेघ वरखाली व्हायची आणि ठिपका टक्क आवाज करून परत जायचा.

खेळवणारा माणूस नागपूरचा होता. बारीक, गळ्याला मफलर, बोलण्यात अर्धी हिंदी. आम्ही त्याला टीव्हीवाला म्हणायचो. मी खेळलो आणि लगेच हरलो. मग बाई बसली. ती ठिपक्याच्या मागे लागली नाही. तो कुठे येणार ते ओळखून रेघ आधीच तिथे नेऊन ठेवायची. मी हरलो, आमच्या आळीतली मोठी पोरं हरली, शेवटी टीव्हीवाला स्वतः तिच्यासमोर बसला आणि तोही हरला.

"बेटी, तू कोठी शिकली?" त्यानं विचारलं.

"यात शिकाचं काय हाय? पळा नाई लागत," बाई म्हणाली.

तो हसला. म्हणाला, "यातली कॅसेट बदलते. पुढच्या मंडईत नवीन खेळ आणतो. मोटारगाडीचा."

"नवीन? हाच तर आता आला."

"याच्याहून नवीन."

 घरी अंगणात आल्यावर बाई म्हणाली, "म्हणजे दरसाल नवीन येत राहीन." तिचा चेहरा मला अजून आठवतो. आमच्या घरात दरसाल नवीन असं काहीच येत नसे. कपडेसुद्धा माझ्या वाट्याला मामेभावाचे यायचे.

ते सगळं वर्ष आम्ही मोटारगाडीत घालवलं. रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत बाईला चिखलात उतरू देत नसत, गार पाण्यानं तिची दुखणी उसळत. ती बांधावर बसायची आणि मी पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या पेंढ्या वाहता वाहता तिच्यापाशी थांबायचो. गाडी कुठल्या रस्त्यानं जाईल, हा आमचा मोठा विषय होता. बाईनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाताना लाखनीवरून जाणारा मोठा रस्ता पाहिला होता, त्यामुळे तिचं म्हणणं पक्कं होतं.

"तोच रस्ता राहीन. दोन्हीकडून ट्रक. मंधात म्हशी."

"म्हशी कायले राहतीन? तो नागपूरवाल्यायचा खेळ हाय."

"नागपुरात म्हशी नाई काय?"

ती जेवायची थाळी हातात धरून वळवायची आणि मी समोरून ट्रक होऊन यायचो.

त्या पावसाळ्याच्या शेवटी तिला फार दुखू लागलं. छातीतही दुखायचं. बाबा तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांनी ओसरीवर बसून मायला सांगितलं. बोट वाकवून दाखवत होते.

"रक्तातल्या गोळ्या गोल पायजेत. तिच्या अशा हायत. विळ्यासारख्या. त्या अडकते, मंग दुखते."

"बरं होते का?" मायनं विचारलं.

"पाणी खूप पाजा म्हणे. थंडीपासून जपा म्हणे."

 त्या वर्षी लवकर पिकणारं हलकं धान कापायला गेलो तेव्हा ती बांधावर विळा हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली होती. बाबांनी हाक मारली तेव्हा खाली वाकली.

मंडईच्या दिवशी बाई खाटेवरून उठू शकली नाही. दोन्ही हात मनगटापासून सुजले होते. मी पण जात नाही म्हणालो, तर ती रागावली.

"तू जाजो. सगळं पाहून येजो. अर्धं पाहून येशील तर बोलणार नाई मी."

टीव्हीवाला आला होता. शब्दाप्रमाणे मोटारगाडी आणली होती. मी खेळलो, मग दुसरे खेळत होते ते उभं राहून पाहिलं, आणि पळत घरी आलो.

"सांग," बाई म्हणाली.

"रस्ता हाय. वरून खाली येते. गाडी खालतं राहते."

"झाडं?"

"नाई. दोन्हीकडं पांढऱ्या रेघा."

"ट्रक?"

"दुसऱ्या गाड्या येते. चौकोनी. त्यायले चुकवाचं."

"म्हशी नाई?"

"नाई."

 मला वाटलं, ती हिरमुसली. पण ती म्हणाली, "कोण्या बाजूनं येते पयले? सांग, मी डोळे मिटतो." आमच्याकडे मुलीही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. तिनं डोळे मिटले आणि मी आठवून आठवून सांगत गेलो. डावीकडून एक. आता उजवीकडून. आता दोन संगं. तिचे सुजलेले हात गोधडीवर होते. ते हलत नव्हते, पण तिची मान प्रत्येक गाडीला थोडी वळायची.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर समजलं. ते कमी बोलणारे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणासमोर टीव्हीवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. बाबा पुढे बसले होते. पुढच्या गावच्या मंडईला जायच्या आधी त्याला ते आमच्या घरी घेऊन आले होते. काय सांगून आणलं, कोणास ठाऊक. आमच्या घरात तेव्हा वीज नव्हती. दोघांनी मिळून जनरेटर खाली उतरवला, टीव्ही ओसरीवर मायच्या धानाच्या कोठीला टेकवून ठेवला. अर्धं गाव कुंपणाशी जमलं. बाबांनी बाईला उचलून आणून गोधडीच्या टेक्यानं बसवलं.

गाडी दिसली तेव्हा बाई हसली. तिनं डबी मांडीवर घेतली आणि चकतीला हात घातला. बोटं वळेनात. तिनं दुसऱ्या हातानं करून पाहिलं. मग तळहातानं. चकती जरा फिरली आणि गाडी कडेला जाऊन आपटली. पुन्हा आपटली. ओठ घट्ट मिटून ती करत राहिली. माय आत निघून गेली.

"आण इकडं," मी म्हणालो. "तू सांग, मी फिरवतो."

ती सांगू लागली. डावीकडं. थांब. आता उजवीकडं, लवकर नोको. तिला त्या खेळाचा ताल माझ्या आधी समजला. मी एकटा खेळलो होतो त्याहून किती तरी लांब आमची गाडी गेली. कुंपणाशी जमलेली पोरं माना उंचावून पाहत होती. पण बाईनं मध्येच माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे, आणि मग सांगायचं थांबवलं. "बस झालं," म्हणाली. समोरून येणाऱ्या गाडीला आमची गाडी धडकली.

टीव्हीवाला वायरी गुंडाळत होता. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"बेटी, चकतीवाला आता जुना झाला. पुढच्या वर्षी बटनाचा येऊन राहिला. बोट नुसतं ठेवाचं, जोर नाई लागत."

"त्यात काय राहते?"

"एक माणूस राहते. उड्या मारते, शिड्या चढते. सगळ्यात वरतं एक दार हाय."

"दारामागं?"

"मी तेथपर्यंत कोणाले जाताना पाहिलं नाई अजून."

टेम्पो गेल्यावर बाईनं मायकडे पाणी मागितलं आणि सगळा तांब्या प्यायली. पाणी पी म्हणून मायला तिच्या मागे लागावं लागायचं. त्या दिवसापासून ती न सांगता प्यायची, थंडीत कानाला फडकं बांधायची, कडू औषध तक्रार न करता घ्यायची. पुढच्या मंडईला तिला चालत जायचं होतं.

उन्हाळ्यात ती खरंच बरी होती. मोहफुलं वेचायला आमच्याबरोबर यायची आणि झाडाखाली बसून त्या माणसाचं सांगायची. तो कोणाला शोधायला चढतो, कुठून आला. दाराविषयी आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, दारामागे आणखी शिड्या असतील. ती म्हणायची, "नाई. इतका चढून गेला तर त्याले बाहेर जाऊ देतीन."

पोळ्याच्या आधी तिला ताप आला. श्वास लागायला लागला. पाऊस लागून होता आणि नाल्याला पूर होता. बाबांनी आणि शेजाऱ्यांनी तिला खाटेवर घालून, नाला उतरल्यावर, रस्त्यापर्यंत नेलं. मी मागे चालत होतो. रस्त्यावर ट्रकची वाट पाहताना ती मला म्हणाली, "शाळा बुडवजो नोको." एवढंच. साकोलीच्या दवाखान्यातून भंडाऱ्याला न्यायला सांगितलं. भंडाऱ्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ती गेली. मी तिथे नव्हतो. बाबांना एकट्याला येताना पाहून मायनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती भिंतीला धरून बसली.

त्या वर्षी मंडई आमच्यासाठी नव्हतीच. पाहुणे आले नाहीत, घरात गोड झालं नाही. जनरेटरचा आवाज मात्र वाऱ्यासोबत घरापर्यंत येत होता. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. दुपारी मायनं तोंड धुतलं, पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "चाल."

"कोठी?"

"त्या टीव्हीवाल्याकडं."

माय त्या राहुटीत कधीच गेली नव्हती. आम्ही आत शिरलो तेव्हा टीव्हीवाल्यानं आधी मला ओळखलं, मग आमच्या मागे पाहिलं.

"बेटी नाई आली?"

"ते नाई राहिली," माय म्हणाली.

तो स्टुलावरून उठला. त्यानं मफलर काढून हातात घेतला. रांगेतली पोरं आमच्याकडे बघत होती.

"बटनाचा खेळ आणला काय?" मायनं विचारलं.

"आणला, माय."

"मले दाखवा."

त्यानं कॅसेट बदलली. माय टीव्हीसमोर सतरंजीवर बसली. चपटी डबी तिच्या हातात दिली. पडद्यावर एक छोटासा माणूस उभा होता, शिडीच्या पायथ्याशी. मायला कुठलं बटन दाबायचं समजेना. माणूस चालत जाऊन खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. मागे कुणीतरी हसलं आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. मी तिच्या अंगठ्याखाली बटन आणून दिलं. "जोर नोको लावू, माय. नुसतं ठेव."

तिच्या बोटांना धानाच्या काडीनं चिरा पडल्या होत्या. ती डोळे बारीक करून, ओठ मिटून खेळत होती. अगदी बाईसारखी. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, टीव्हीकडे पाहत राहिलो. माणूस पहिली शिडी चढला.

"आता?" मायनं विचारलं.

"आता उडी मार."

तो पडला. मायनं डबी सतरंजीवर ठेवली. दार दिसायला अजून बऱ्याच शिड्या होत्या.

"त्या दारामागं काय हाय?" तिनं टीव्हीवाल्याला विचारलं. मला तेव्हा कळलं की आमची झाडाखालची भांडणं तिनं सगळी ऐकली होती.

टीव्हीवाला थोडा घुटमळला. "काही नाई, माय. दारातून गेला का पुन्हा खालपासून सुरू होते. जरा जोरात."

मायनं मान हलवली. उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. बाहेर मिठाईच्या दुकानांपाशी गर्दी होती, ओळखीच्या बाया तिला पाहून वाट देत होत्या.  तलावाच्या पाळीवर आल्यावर माय म्हणाली, "तिले हे आलं असतं."

"हो," मी म्हणालो.

टीव्हीवाला नंतर एखाद्या वर्षी आला असेल, नसेल. मी पुन्हा त्या राहुटीकडे गेलो नाही. पुढे मंडईत व्हिडिओवर सिनेमे दाखवायला लागले आणि पोरांची गर्दी तिकडे वळली. मी शिकायला नागपूरला गेलो, नोकरी लागली, आणि पहिल्यांदा हातात पैसा आला तेव्हा लोक घड्याळ घेतात तसं मी टीव्हीला जोडायचं यंत्र घेतलं. गावी नेलं तेव्हा माय ते लांबून पाहायची. खेळून बघ म्हटलं तर हात नुसते पदराला पुसायची आणि स्वयंपाकघरात जायची.

आता तीही नाही. नव्या गेमची तारीख जाहीर झाली की मला कुणाला तरी सांगावंसं वाटतं. बायकोला सांगतो, ती भाजी निवडता निवडता "अच्छा" म्हणते. मुलाला फोनवर सांगितलं तर त्याला ते आधीच ठाऊक असतं. मग मी खोलीत येतो, दार लोटतो, आणि त्या गेममध्ये काय काय असेल ते मनातल्या मनात पहिल्यापासून सांगत बसतो.