दोन घंट्यांची गोष्ट

तळहात आडवा धरून ते डोक्यावरून अलगद पुढे नेत आणि गुडघ्यावर टेकवत. "असं उचललं, असं ठेवलं. पुणं काय, दोन घंट्यांची तर गोष्ट." आमचे गुरुजी विमानाचा प्रवास असा समजावून सांगत. स्वतः विमानात ते कधी बसले नव्हते.

ब्रह्माघाटावरच्या आम्हा मराठी घरांतलं अंत्यकर्म त्यांच्याकडेच असे. कुणी गेलं की ते येत आणि दारातूनच विचारत, "मुलगा कुठे असतो?" आता आमची मुलं कुठे असणार? बहुतेक पुण्यातच. "मग थांबायचं. अग्नी थोरल्यानंच द्यायचा. मणिकर्णिकेचं स्मशान काय दुकान आहे, बंद व्हायला?"

त्यांचा हिशेब मात्र फक्त आकाशातला. मधले बाराशे किलोमीटर त्यांना मान्य होते, पण बाबतपूरच्या विमानतळापासून गावापर्यंतचा रस्ता, मैदागिनचा जाम आणि पुढे गाडी न शिरणाऱ्या गल्ल्या त्या दोन घंट्यांत कधी बसल्याच नाहीत. खांदेकरी ओसरीवर ताटकळत, बायका आत कुजबुजत, आणि गुरुजी आपले ढिम्म.

माझे वडील गेले तेव्हा मीही चिडलो होतो. म्हटलं, "गुरुजी, सकाळपासून बर्फ बदलतोय. मी धाकटा आहे ना इथे? मी देतो अग्नी."

"थोरला विमानात बसलाय ना? बस, झालं मग."

दादा संध्याकाळी पोचला. खांद्यावरची बॅगही न उतरवता वडिलांच्या पायांवर कोसळला. गुरुजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांचा स्वतःचा एकुलता एक मुलगाही पुण्यातच. आईच्या वेळी आला होता, नंतर वर्षानुवर्षं नाही. कुणी विचारलं की गुरुजी म्हणत, "छुट्टी मिळत नाही त्याला. येईल. लांब का आहे?" हे ऐकून आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत असू.

गेल्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. एकदा माझं मनगट धरून म्हणाले, "माझ्या वेळी घाई करू नका हं."

ते पहाटे गेले. मुलाला फोन मीच केला. "निघतो काका," तो म्हणाला. आम्ही थांबलो. एरवी कुरकुरणारेही गप्प बसून होते. पुण्याचं विमान उतरलं, पण गल्लीत कुणी आलं नाही.

अंधार पडता पडता त्याचा फोन आला. "काका, तुम्ही उरकून घ्या. व्हिडिओ कॉल लावा, मी बघतो."

"तिकीट नाही मिळालं का रे?"

"मिळालं होतं," तो म्हणाला. आणि त्यानं फोन ठेवला.

ओसरीवर येऊन मी सगळ्यांना सांगितलं. "मग? चलायचं?" कुणीतरी विचारलं. आम्ही सगळ्यांनी सवयीनं दाराकडे बघितलं. नको म्हणणारा माणूस आत बर्फावर होता.

"अजून दोन घंटे थांबू," मी म्हणालो.

कुणी येणार नाही हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी एकही जण उठला नाही. मग आम्ही त्यांना उचललं, आणि मणिकर्णिकेवर नेऊन ठेवलं. अग्नी मी दिला.