टी-टॉवेलची गाठ

आधीच सांगून टाकतो, मी भूलतज्ज्ञ. साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं माणसांना झोपवलं आणि परत जागं केलं. एवढ्या वर्षांत एकही आत्मा वर जाताना दिसला नाही. दिसला असता तर चार्टवर नोंद केली असती. नजर लागणं, दृष्ट काढणं, अंगारे-धुपारे... सगळ्याची मी घरात यथेच्छ टिंगल केली. माझी बायको सुधा म्हणायची, "अहो, तुमचं काय जातं?" तरी आज हे लिहायला बसलोय, कारण समोर बसवून सांगावं असं आता घरात कुणी नाही.

सुधाला जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. न्यू फॉरेस्टच्या समुद्राकडच्या बाजूला, नदीकाठच्या एका कॅरॅव्हॅन पार्कमध्ये आमची स्टॅटिक कॅरॅव्हॅन होती — म्हणजे चाकं असूनही जागचं न हलणारं छोटंसं घर. पुढे लाकडी डेक, डेकसमोर नदी. भरतीला पाणी कुंपणापर्यंत यायचं, ओहोटीला नुसता चिखल आणि त्यात उभे बगळे. जंगलातली मोकाट तट्टं कधीकधी थेट खिडकीशी येऊन उभी राहायची. बारा वर्षं आम्ही जमेल त्या वीकएंडला तिथे जायचो. मी डेकवर खुर्ची टाकून नदी बघत बसायचो, सुधा आत काहीतरी करत असायची. आम्हाला दोघांनाही ती जागा फार आवडायची.

मागच्या ऑक्टोबरात मी आवराआवर करायला एकटाच गेलो. आमची मुलगी मेधा ग्लासगोला असते. विकून टाका, असा तिचा आग्रह. गिऱ्हाईकही मिळालं होतं आणि रविवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. पार्क हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात, आजूबाजूच्या सगळ्या कॅरॅव्हॅनचे पडदे ओढलेले.

शुक्रवारी माझा जुना फोन हरवला. तो मी एकाच कामासाठी जपला होता. त्यात सुधाचे चार व्हॉइसमेल होते. "येताना कोथिंबीर आणा", "कुठपर्यंत पोचलात?" — असलेच. रोज सकाळी चहाबरोबर ऐकायचो. आमच्याकडे कुणाला व्हिडिओ काढायची सवय नाही, त्यामुळे तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. ते चार निरोप नव्या फोनवर घ्यायचं आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. गाद्या उलट्या केल्या, कपाटं रिकामी केली, कचऱ्याची पिशवी डेकवर ओतून चिवडली. नाही म्हणजे नाही. मेधाला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

शनिवारी दुपारी सिंकपाशी उभा राहून रडलो. चांगला हुंदके देऊन. आणि मग ज्यावर आयुष्यभर हसलो तेच केलं. घरात काही हरवलं की सुधा टी-टॉवेलला, म्हणजे भांडी पुसायच्या फडक्याला, गाठ मारायची. तिच्या आईची, अमरावतीकडची पद्धत. तिथे पदराला मारायचे. वस्तू सापडेपर्यंत गाठ सोडायची नाही. मी ओला टॉवेल घेतला, करकचून एकावर एक दोन गाठी मारल्या आणि नळाला अडकवला. दाराला कुलूप लावून नदीकाठी फिरायला गेलो.

तासाभराने आलो. कुलूप जसंच्या तसं. नळावर टॉवेल नव्हता. तो ओट्यावर होता... गाठी सोडलेल्या, चार घड्या घालून, हाताने नीट दाबून ठेवलेला. मी टॉवेल चुरगाळून फेकणारा माणूस.

तसाच साइट वॉर्डन मार्गारेटकडे गेलो. जादा किल्ली तिच्याकडेच असायची.

"डॉक्टर, मी सकाळपासून या खुर्चीतून उठले नाहीये," ती म्हणाली. "आणि आज पार्कात तुम्ही आणि मी सोडून कुणीही नाही." किल्ली तिच्या पेटीत होती, तीही दाखवली.

परत येताना वाटेतच मेधाचा फोन आला.

"बाबा, यू वोन्ट बिलीव्ह धिस. मी माझा जुना फोन रिसायकलिंगला देत होते ना, म्हणून चेक केला. त्यात आईची एक व्हॉइस नोट मिळाली. चार वर्षांपूर्वीची. माझे फायनल्स चालले होते तेव्हा... मी कधी प्लेच नाही केली."

"कधी मिळाली?"

"आत्ताच. हाफ अॅन अवर झाला असेल. तुम्ही आधी ऐका, बाबा. मला भीती वाटते."

माझा फोन हरवलाय हे तिला माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

डेकवर बसून ऐकली. सुधाचाच आवाज, मागे किटलीची घरघर.

"मेधू, आम्ही कॅरॅव्हॅनवर आलोय गं. बाबा बाहेर बसलेत, नदी बघत. सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत. त्यांना वाटतं, मला इथे फार आवडतं. असू दे. तुला वेळ झाला की फोन कर हं... दहा मिनिटं केलास तरी चालेल. कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय."

एवढंच. मी ती सातआठ वेळा लावली. अंधार पडायला लागला तेव्हा मेधाला मेसेज केला — ऐक, पण एकटी असताना ऐकू नकोस.

रविवारी किल्ल्या देऊन टाकल्या. माझा फोन आजतागायत सापडलेला नाही. कुलूपबंद घरात त्या गाठी कुणी सोडल्या, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ओल्या कापडातल्या दोन गाठी आपोआप सुटत नाहीत, एवढं मात्र नक्की. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. पण बारा वर्षं ती आत होती, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि मी बाहेर बसून राहिलो... ते का, याचं तरी कुठे आहे माझ्याकडे स्पष्टीकरण?