चोवीस तास भरून ठेवलेलं पाणी

शिवाजी पेठेत संयोगिताच्या शिलाईचं जेवढं नाव होतं, तेवढंच तिच्या तोंडाचं. तिनं शिवलेला ब्लाऊज अंगावर असा बसायचा की बाई आरशासमोरून हलायची नाही. आणि कुणी वाकडा शब्द बोललं, तर अख्खी गल्ली ऐकेल असं उत्तर मिळायचं. पन्नाशी उलटली, पण आपण कधी हरलो नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

न हरल्याचीच एक गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. घर दोन मजली; वर ही, खाली थोरली जाऊ, आक्का. आक्का एकदा वर येऊन एवढंच म्हणाली होती, की आमच्या न्हाणीचं छत गळतंय, तुमच्या बाथरूमचं पाणी येतंय का बघ जरा. झालं! संयोगितानं देव्हाऱ्यातला जोतिबाचा गुलाल मुठीत घेतला आणि शपथ घेतली, "आमचा एक थेंबबी खाली येत न्हाय." आक्का गप जिना उतरली. त्या दिवसापासून बोलणं टाकलं ते संयोगितानंच. चोर ठरवल्यासारखा राग आला होता तिला. राग खरा होता, शपथ तेवढी खरी नव्हती. कोपऱ्यातली फरशी डुगडुगते आणि तिच्या कडेनं पाणी आत मुरतं, हे तिला तेव्हाही माहीत होतं. तिनं त्यावर बादली ठेवली होती.

यंदा बाथरूम नवं करायचं ठरलं, तेव्हा तिनं नेमकं त्याच कोपऱ्यासाठी कपाट सांगितलं. गळ्यातल्या टेपनं स्वतः माप घेतलं. खाली धुण्याची पावडर, मधे टॉवेल, वर साबण-शांपू. एकदा ते बसलं की तिथं जन्मात कुणी बघणार नव्हतं.

पण उचगावचा दिलदार मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवत आला आणि कोपऱ्यात थांबला.

"हितं पोकळ हाय, ताई. कपाट मागनं. आधी फोडाय लागतंय."

"वरनंच नवी फरशी मारा की."

"न्हाय जमायचं."

फोडलं, तर पाइप सांध्यात चिरलेला आणि भोवतीची वाळू काळी पडलेली. "ह्ये लई वर्सांचं हाय," दिलदार म्हणाला.

"खाली काय बोलू नगासा," संयोगिता घाईनं म्हणाली. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि घमेलं उचललं.

आठ दिवसांत पाइप बदलून झाला, वॉटरप्रूफिंगही झालं. मग दिलदारनं पाणी जायची जाळी बंद करून घोट्यापर्यंत पाणी भरलं. "चोवीस तास ऱ्हाऊ दे. उद्या खाली जाऊन छत बघून या, मगच फरशी बसवतो."

"तुम्हीच जावा की."

"मी गेलो आन् त्यांनी इचारलं, तर खोटं बोलणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती जिना उतरली. जिना बारा पायऱ्यांचा. तिनं खालची कडी वाजवली. आक्कानं दार उघडलं आणि काल भेटल्यासारखं म्हणाली, "ये."

न्हाणीच्या छताला दोन ठिकाणी नव्या प्लॅस्टरची ठिगळं होती. एका जागी गंजलेली सळई दिसत होती. आणि सगळं कोरडं. संयोगिता मान वर करून बघत राहिली. पडू दे एक थेंब, देवा, एकच. नवा पाइप घालूनही थेंब पडला असता, तर दोष स्लॅबचा ठरला असता आणि शपथ वाचली असती. स्वतःचं नवंकोरं काम गळावं म्हणून देवाला विनवणारी बाई पेठेत ती एकटीच असेल. थेंब काही पडला नाही.

"वाळलं की," आक्का म्हणाली. "दोनदा फोडून घेतलं आम्ही ह्ये छत. तरी गळायचं थांबत न्हवतं."

"मग परत वर का न्हाय आलासा?"

"तू जोतिबाचा गुलाल हातात घेतलतास. मग आनी काय इचारायचं? म्हटलं, आपलंच काय तर चुकतंय."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला संयोगिताकडं कायम उत्तर होतं. ह्या विश्वासाला नव्हतं. लाजेनं तिच्या कानशिलांपर्यंत आग चढली.

"आक्का, मला म्हाईत होतं," ती पुटपुटली.

"काय म्हनलीस?" आक्काला खरंच ऐकू आलं नव्हतं.

तिला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं.

न्हाणीतला दिवा बंद करून आक्का स्वयंपाकघरात गेली. संयोगिताला तिनं जा म्हटलं नाही, आणि बस असंही म्हटलं नाही.