झोपाळ्यावरचे ठराव

“घरी विचारून सांगतो.”

असे म्हणताना काकांची तर्जनी वर जाई, जणू घर डोक्यावरच कुठेतरी टांगलेले आहे. कारखान्यासाठी नवे यंत्र घ्यायचे असले तर त्यांचा निर्णय क्षणात होई. पण सहलीला येणार का, संध्याकाळी जेवायला थांबणार का, असे काही त्यांच्या स्वतःबद्दल विचारले, की बोट वर.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि मी गुणवत्ता प्रयोगशाळेत. रावपुऱ्यात आमची राहायची इमारतही एकच, ते माझ्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये ते माझे काका असत आणि बस फाटकातून आत शिरली की साहेब. मी मात्र दोन्हीकडे ‘शास्त्रज्ञ’. “काय शास्त्रज्ञ, आज कुणाला नापास केलंत?” हा त्यांचा रोजचा प्रश्न.

बसमधल्या मंडळींना त्यांचे ते वाक्य फार करमणुकीचे वाटे. मागच्या बाकावरून कुणीतरी श्वासही घरी विचारून घेता की काय, असे हमखास गुजरातीत ओरडे, “साहेब, घेर पूछीने श्वास लो छो के शुं?”

“श्वास मारो पोतानो, भाई,” ते मागे न वळता म्हणत. “बाकी बधुं घरनुं.” श्वास तेवढा स्वतःचा, बाकी सगळे घरचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याला ‘बायकोच्या मुठीतला’ म्हणून लोक मोकळे होतात. मीही तसेच वर्गीकरण केले असते. पण त्या घराचे कामकाज मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले आणि वर्गीकरण बदलावे लागले.

त्यांच्या दिवाणखान्यात सागवानी झोपाळा होता. बडोद्यात यात विशेष काही नाही. विशेष होते ते रविवार सकाळचे. चहा झाला की चौघे त्यावर एका ओळीत बसत: एका टोकाला काका, त्यांच्या शेजारी काकू, मग थोरली मुलगी आणि दुसऱ्या टोकाला धाकटी. झोका द्यायचे काम काकांचे. झोपाळा चालू लागला की ज्याला घरात काही ठरवून घ्यायचे असेल त्याने ते मांडायचे. मान्य असेल त्याने पाय अधांतरी ठेवायचे; नसेल त्याने जमिनीला टेकायचे. एकाचा पाय टेकला तरी झोपाळा थांबे, आणि ठरावही. कारण विचारायचे नाही. विषय पुढच्या रविवारी पुन्हा.

एकदा डबा परत द्यायला वर गेले, तर त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवले. “बसा शास्त्रज्ञ. प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही, शेवउसळ खायची आहे.”

त्या दिवशी ठराव त्यांचाच होता. “मिशी काढावी म्हणतो. अगदीच पांढरी झालीय.”

काकूंचा पाय खाली आला. झोपाळा करकरत थांबला.

“अहो, मिशीशिवाय तुम्हाला ओळखायचं कसं?”

“कारण सांगायचं नसतं. नियम आहे.”

“नियम ठेवा तुमच्याजवळ. मिशी राहील.”

मिशी राहिली.

पुढे कंपनीने त्यांना बढती देऊ केली, दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याच्या प्रमुखपदाची. धाकटी तेव्हा शाळेत होती. तिने पाय टेकला, पुढच्या रविवारीही टेकला. काकांनी वरिष्ठांना कळवले, “घरून होकार आला नाही.” त्या काळात मी माझ्या कारकिर्दीचे आलेख काढत असे. मला हे सोसवेना. बसमध्ये मी सरळ विचारले, “काका, एक शाळकरी मुलगी तुमची बढती अडवते?”

“अडवते ना,” ते आनंदाने म्हणाले. “अडवता येतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून तर ती आम्हाला सगळं सांगते. तुम्ही घरी काय काय सांगता, शास्त्रज्ञ?”



मग काही वर्षांनी काकांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. तपासण्यांचे कागद घेऊन ते माझ्या दाराशी आले. म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलंय. पण घरी मी सांगितलं तर गोड करून सांगेन. रविवारी वर या. तुम्ही सांगा.”

मी सांगितले. आजार यकृतापर्यंत गेला आहे. औषधाने त्याचा वेग कमी होईल, तो जाणार नाही. झोपाळा चालतच होता. काकूंनी एकच प्रश्न विचारला, “त्रास कशाचा होईल? औषधाचा की आजाराचा?”

“दोन्हींचा,” मी म्हणाले.

उपचार सुरू करण्याचा ठराव मंजूर झाला. सगळे पाय अधांतरी होते.

औषधांनी केस गेले आणि त्यांच्याबरोबर मिशीही. लिफ्टपाशी भेटले तेव्हा वरच्या ओठावर हात ठेवून म्हणाले, “बघा शास्त्रज्ञ, हिनं मात्र घरी विचारलं नाही.” आम्ही दोघेही हसलो. लिफ्ट आली तरी त्यांनी हात काढला नव्हता.

काही महिन्यांनी त्यांचे अन्न तुटले. औषधाचा उपयोग आता फारसा दिसत नाही, चालू ठेवायचे की थांबवायचे हे तुम्ही ठरवा, असे डॉक्टरांनी सांगितले. रविवारी काकांनी विषय मांडला. “मला वाटतं, थांबवावं.”

धाकटीचा पाय खाली आला. टाच लादीवर आपटल्याचा आवाज झाला.

कुणीही कारण विचारले नाही. काका ठरलेल्या दिवशी रुग्णालयात गेले, औषधाचे सलाईन लावून आले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

अखेर न राहवून मी वर गेले. धाकटी महाविद्यालयात गेली होती. मी म्हणाले, “काका, शरीर तुमचं आहे. हा झोपाळ्यावर ठरवायचा विषय नाही.”

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता. “पण मी तिला डावलून थांबलो, तर ती जन्मभर म्हणेल, बाबा मला न विचारता गेले. पाय तिनं टेकलाय, तो तिलाच उचलू दे. थोडा वेळ लागेल. मला झेपतंय अजून.”

त्यांना झेपत नव्हते. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नव्हती. माणूस आपल्या सहनशक्तीचा असा उपयोग करू शकतो, एका मुलीला सवड मिळावी म्हणून ती खर्चू शकतो, हे मी कधी कुठे शिकले नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला पुन्हा त्या खुर्चीवर बसवले. त्यांच्या पाठीला उशी होती. त्यांनी झोका दिला, पण तो इतका हलका की झोपाळा जेमतेम हलला.

“औषध थांबवू या,” ते म्हणाले.

चौघेही समोर पाहत होते. जमिनीकडे कुणी पाहत नव्हते. पाय फक्त मला दिसत होते. धाकटीच्या पायाची बोटे खाली आली, लादीच्या अगदी जवळ, आणि तिथेच राहिली. मग तिने दोन्ही पाय वर ओढून घेतले आणि मांडी घातली.

झोपाळा चालत राहिला.

“बाबा, उशी नीट आहे ना?” तिने विचारले.

“मस्त आहे,” ते म्हणाले.

पुढचे दिवस त्यांनी घरीच काढले, मुलींची भांडणे ऐकत, काकूंच्या हातची पातळ खिचडी चमच्याने चाखत. गेले तेही घरीच, एका दुपारी, तिघी जवळ असताना.

परवा रविवारी मी वर गेले होते. धाकटीला दूरच्या शहरात शिकायला प्रवेश मिळाला आहे. तिघी आपापल्या जागी बसल्या होत्या. काकांचे टोक रिकामे होते. झोपाळा स्थिर होता, कारण झोका द्यायला कुणीच नव्हते. आणि झोपाळा हलत नसला तर त्या घरात हो कसे म्हणायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

“आई, मी जाऊ?” धाकटीने विचारले.

काकूंचा पाय खाली आला आणि लादीला टेकला. धाकटीने मान खाली घातली.

काकू त्या रिकाम्या टोकाकडे सरकल्या आणि त्यांनी जमिनीला रेटा दिला.