जगबुडीत कुणी दगाच देईना

जग बुडाल्यावर माणसं काय करतात, हे मला पाठ आहे. ती एकमेकांचं पाणी चोरतात, दारं आतून लावून घेतात आणि तिसऱ्या दिवशी सख्ख्या मित्राला बाहेर ढकलतात. जगबुडीनंतरच्या कादंबऱ्या मी पंधरा वर्षं वाचत आले आहे. नेरूळच्या रद्दीवाल्याकडून उचललेल्या, मुखपृष्ठं फाटलेल्या, जवळजवळ सगळ्या परदेशी. त्यांच्यावरूनच मी माझा खेळ बांधला. दोन वर्षं लागली. आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर तीन शहाण्या माणसांनी त्याचं पार मातेरं केलं.

खेळ साधा आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगणारी मी. शहर संपलं आहे, वीज गेली आहे, नेरूळमधल्या एका चौदा मजली इमारतीत थोडी माणसं आणि थोडं पाणी उरलं आहे. प्रत्येकाकडे एक लाल पत्ता, दग्याचा. तो समोरच्यावर टाकला की त्याचं पाणी तुमचं आणि तो इमारतीबाहेर. पाणी आटत जाईल तसे पत्ते पडत जावेत आणि शेवटी एकच जण उरावा, अशी माझी मांडणी होती.

महिन्याभराने ठाण्यात खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा होता. तिथे मला दोन तासांसाठी एक टेबल मिळालं होतं, अनोळखी माणसं येऊन माझा खेळ खेळणार होती. कॉलेजच्या ऑफिसात फायली लावण्यापलीकडे मी आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं काही केलेलं नाही. हे पहिलंच. ते तिथे आपटलं असतं तर पुन्हा कशाला हात लावायला मी धजले नसते. म्हणून दर रविवारी दुपारी घरी तालीम ठेवली.

खेळायला तिघं. माझा नवरा, जो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे; कामोठ्याहून येणारी कॉलेजातली मैत्रीण; आणि कॉलेजच्या लॅबमधले दादा, शिरवणे गावातले मूळचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. दादांनी असली एकही कादंबरी वाचली नव्हती. मला तसंच कुणीतरी हवं होतं, कारण मेळाव्यातही तशी माणसं येणारच.

पहिल्या रविवारी मी आवाज खाली आणून सुरुवात केली, "बाहेर दूरवर वाळवंट पसरलंय..."

"वालवंट कुठनं आनलं, ताई?" दादा म्हणाले. "खारीचा पानी भायेर टाकनारं पंप बंद पडलं तर समदा पानी आत येल. चिखल व्हनार. वालू नाय."

बरोबर होतं त्यांचं. परदेशी लेखकांचं वाळवंट मी उचलून खाडीकाठी आणून टाकलं होतं. चरफडत वाळू काढली, चिखल घातला.

इमारतीत शिरल्यावर नवऱ्याने पहिलं काम काय केलं असेल? जनरल बॉडी मीटिंग बोलावली. मैत्रिणीला चेअरमन केलं, दादांना पाण्याचं काम दिलं. पाणी सकाळी अर्धा तास, सगळ्यांना सारखं. जिन्यात सामान ठेवायचं नाही. बाहेरून येणाऱ्याची नोंद रजिस्टरमध्ये. मग गाडी पार्किंगवर आली.

"अरे, जग बुडालंय! पेट्रोलचा थेंब नाहीये, कसलं पार्किंग?" मी ओरडले.

"तेच तर," नवरा शांतपणे म्हणाला. "बंद गाड्या जागा अडवतायत. नोटीस लावावी लागेल."

मी पाणी कमी केलं. त्यांनी आंघोळी बंद केल्या. आणखी कमी केलं, तर मैत्रिणीने स्वतःच्या वाट्यातलं दादांना दिलं, कारण म्हणे ते दिवसभर टाकीवर राबतात. चार तासांत एक माणूस मेला नाही. लाल पत्ते तिघांनीही चहाच्या कपाखाली ठेवले होते, टेबलावर डाग पडू नये म्हणून. त्या पत्त्यांची चित्रं काढायला मला एक आख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती.

दुसऱ्या रविवारी मी रोगराई आणली. त्यांनी तळमजल्यावर दवाखाना काढला. तिसऱ्या रविवारी लुटारू आणले, तर त्यांना चर्चेला बसवून तात्पुरतं मेंबर करून घेतलं. त्या संध्याकाळी मी भांडी इतकी आपटली, की नवऱ्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मला रडूच येत होतं. ठाण्यात हे असंच झालं असतं, तर लोक जांभया देत उठून गेले असते.

चौथ्या रविवारी मी सरळ सक्ती केली. पाचव्या फेरीला एकाला बाहेर काढावंच लागेल, असा नियमच केला. कुणाला काढायचं ते ठरवायची पाळी दादांवर आली. त्यांनी फासे खाली ठेवले.

"हा मी नाय करनार."

"दादा, खेळ आहे हो हा."

"म्हाईत हाय. पन खोटा हाय."

खोटा! माझं डोकंच फिरलं. "पंधरा वर्षं वाचतेय मी. काहीच उरलं नाही की माणसं अशीच वागतात!"

दादा चिडले नाहीत. "आमची शेती सरकारनं शहर वसवाला घेतली तवा मी बारका व्हतो," ते म्हणाले. "भात गेला, मिठागर गेला. जगच बुडला आमचा. घरान काय नव्हता. आजा, बापूस, दोन काके, समदी एकाच चुलीवं जेवलो. कोनी कोनाला भायेर नाय काढला." मग कपाशी चाळा करत म्हणाले, "पुढं त्या जमिनीच्या बदल्यान प्लॉट मिलालं. तवा काढला. बारक्या काकाचा नाव माज्या बापसानं कागदाव लागू दिला नाय. भिंतीला भिंत हाय, पन बोलना नाय."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. माझ्या डोक्यात खेळच होता. माणसं दगा टंचाईत देत नाहीत, पाणी मिळाल्यावर देतात! उलटं बांधलं होतं मी सगळं.

"बरं, मग ऐका," मी घाईघाईने म्हणाले. "तळघरात एक बंद टाकी सापडते. तिघांना जन्मभर पुरेल इतकं पाणी. चावी एकच."

कुणी मीटिंग बोलावली नाही. नवरा कमिटीचं नाव काढेना. मैत्रीण आपल्या कपाकडे बघायला लागली. दोन मिनिटंही झाली नसतील, दादांनी कप उचलला, खालचा लाल पत्ता काढला आणि माझ्या नवऱ्यापुढे टाकला.

नवरा खो खो हसला. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या आणि लगेच आपलाही पत्ता हातात घेतला. चार रविवारांत पहिल्यांदा खेळ चालला होता. मी खुर्चीतून उठलेच.

दादा हसले नव्हते. टाकलेल्या पत्त्याकडे बघत होते. "आता खरा झाला, ताई," म्हणाले आणि उठले. चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाले. दारात बसून ते चपलांचे पट्टे लावत होते. त्यांना थांबवायला हवं होतं, निदान जिन्यापर्यंत तरी जायला हवं होतं. मी टेबलावर वाकून वहीत नवा नियम उतरवून घेत होते, विसरायच्या आत.